सहल म्हणजे सुटी नव्हे

दिवाळीची सुटी संपून शाळा भरली की प्राथमिक शाळेचे वेळापत्रक पार बदलून जाते. आधी केंद्रस्तरावरच्या क्रीडा स्पर्धा, मग तालुक्याच्या. डिसेंबर-जानेवारीत सहल. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, २६ जानेवारीची प्रभात फेरी, बाल आनंद मेळावा, स्नेहसंमेलन, आणि या सगळ्यातून वाट काढत फेब्रुवारीतली शिष्यवृत्ती परीक्षा. या सत्राविषयी दोन मते नेहमी ऐकू येतात. काही पालक म्हणतात, पोरांचा अभ्यास बुडतो. एवढा वेळ पाढ्यांना आणि वाचनाला दिला असता तर बरे झाले असते. काही म्हणतात, वर्षभर घोकून दमलेल्या मुलांना थोडा विरंगुळा हवाच. ही मते वरवर एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण दोन्हींचा पाया एकच आहे. शिकणे वर्गात घडते आणि बाहेर जे घडते ते शिकण्यापासून मिळालेली मोकळीक असते, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते. एकाला ती मोकळीक खटकते, दुसऱ्याला ती हवीशी वाटते, इतकाच फरक.

हे गृहीतच उथळ आहे, असे मला वाटते. सहल, मैदान आणि गावातले काम यांतून लहान मुलाला जे मिळू शकते ते वर्गाच्या चार भिंतींत देताच येत नाही. पुस्तकातले विधान प्रत्यक्षाशी ताडून पाहणे, स्वतःलाही बांधून ठेवणारा नियम मान्य करणे आणि आपल्या कामावर दुसऱ्या कोणाचे तरी अवलंबून असणे, हे अनुभव फळ्यावर लिहून देता येत नाहीत. म्हणून या उपक्रमांची आखणी, तपासणी आणि खर्च अभ्यासाच्याच शिस्तीने व्हायला हवा. आणि जो उपक्रम या शिस्तीत बसत नाही तो, कितीही आनंदाचा असला तरी, प्राथमिक शाळेने सोडून द्यावा. माझ्या म्हणण्याचा हा दुसरा भाग उपक्रमांच्या समर्थकांना आवडणार नाही, पण त्याशिवाय पहिल्या भागाला अर्थ उरत नाही.

१. ‘अवांतर’ हा शिक्का कोणी मारला?

कायद्याने मारलेला नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ मुलांनी कृतीतून आणि शोध घेत शिकावे असे सांगते. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेतले ज्ञान शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडणे हे पहिल्या काही तत्त्वांत ठेवले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तर अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात कडक भिंत नको, असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक बालभारतीने जिल्ह्याजिल्ह्याचे वेगळे काढले, तेही याच जाणिवेतून. नाशिकच्या मुलाचा परिसर आणि सिंधुदुर्गाच्या मुलाचा परिसर एका पुस्तकात मावत नाही.

महाराष्ट्राला हा विचार दिल्लीहून शिकावा लागलेला नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या परिषदेतून हाताच्या कामातून शिक्षण देणारी नई तालीम पुढे आली. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तिथली मुले गुरे-शेळ्या राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली. मुलाचे जगणे जिथे चालले आहे तिथेच शिक्षणाला जागा आहे, हे त्यांनी दाखवून दिले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहातल्या मुलांच्या हाती कुदळ दिली तीही केवळ पैसे वाचवण्यासाठी नव्हती.

मग शिक्का आला कुठून? माझ्या मते तो मूल्यमापनातून आला. नई तालीम ओसरली याचे मोठे कारण हेच, की हाताचे काम एका बाजूला आणि पुढच्या वर्गात नेणारी, नोकरी देणारी परीक्षा दुसऱ्या बाजूला, अशी फारकत झाली. ज्याची मोजणी होते त्यालाच लोक शिक्षण समजतात. २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांनाही श्रेणी मिळू लागल्या. पण प्रत्यक्षात काय होते ते शिक्षकांना विचारा. वर्णनात्मक नोंदींची तयार वाक्ये फिरत असतात. ‘खेळात उत्साहाने भाग घेतो’, ‘परिसराविषयी जिज्ञासा आहे’ ही वाक्ये एका मुलाच्या रकान्यातून दुसऱ्याच्या रकान्यात जशीच्या तशी उतरतात. मूल सहलीला गेले होते की नव्हते, त्याला खो मिळाला होता की नव्हता, याचा त्या वाक्याशी काही संबंध नसतो. शिक्षकाला दोष देऊन हे सुटणार नाही. आपण सगळ्यांनी मिळून जे बिनमहत्त्वाचे ठरवले आहे त्याची नोंद तो तशीच करणार.

२. सहल: पुस्तकाला प्रश्न विचारण्याची जागा

चौथीच्या मुलांनी शिवछत्रपतींचे पुस्तक अभ्यासायचे आणि हिवाळ्यात एखादा गड पाहायला जायचे, ही आपल्याकडे पक्की रीत आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले ११ महाराष्ट्रातले आहेत. त्यामुळे ही रीत आणखी जोर धरेल. प्रतापगडाचे उदाहरण घेऊ. १० नोव्हेंबर १६५९ ची अफझलखानाच्या भेटीची घटना मुलांना तोंडपाठ असते. वाघनखे, चिलखत, सय्यद बंडा, जिवा महाला, सगळे येते. पण या प्रसंगातला सगळ्यांत मोठा प्रश्न पुस्तक वाचून मुलाच्या मनात येत नाही: एवढे मोठे सैन्य घेऊन आलेल्या सरदाराला भेटीसाठी नेमके इथेच का आणले?

तो प्रश्न गडाच्या तटावर उभे राहिल्यावर पडतो. खाली पारचे खोरे दिसते, भोवती जावळीचे रान दिसते, आणि वाईकडून येणारी वाट कशी डोंगरांत अडकत जाते हे कळते. मोकळ्या मैदानावर ज्या घोडदळाचा दरारा होता, ते या उतारावर काय करणार? हत्ती आणि तोफा रडतोंडीच्या घाटातून कशा उतरवल्या असतील? नऊ वर्षांच्या मुलाला हे समजते, कारण तो स्वतः आत्ताच त्या चढाने दमलेला असतो. मुत्सद्देगिरी या अवघड शब्दाचा अर्थ त्याला पायांतून कळतो. इतिहास भूगोलाशी बांधलेला असतो, ही गोष्ट हजार वेळा सांगूनही वर्गात पटत नाही, ती इथे अर्ध्या तासात पटते.

आता नेहमीची सहल आठवून पाहा. पहाटे चारला गाडी सुटते. वाईचा ढोल्या गणपती, पाचगणीचे पठार, महाबळेश्वर, प्रतापगड आणि जमलेच तर परतीच्या वाटेवर आणखी एक देवस्थान. गडावर पाऊण तास, त्यातला निम्मा सामूहिक छायाचित्रात आणि उरलेला लाकडी तलवारींच्या दुकानापुढे. रात्री अकराला मुले झोपेत घरी पोहोचतात. पालक खूश असतात, कारण एका पैशात पाच ठिकाणे झाली. मुलाच्या डोक्यात पाचही ठिकाणे एकमेकांत मिसळलेली असतात. अशा सहलीला ‘अभ्यास बुडाला’ म्हणणारा पालक चूक नाही. तो बुडालाच.

सहल ही सहल म्हणून जमायची असेल तर ठिकाण एक असावे आणि निघण्याआधी मुलांच्या वहीत प्रश्न असावेत. परत आल्यावरचा आठवडा त्या प्रश्नांना द्यावा: नकाशा काढणे, पायऱ्या मोजल्या असतील तर त्यांचा गुणाकार, जे दिसले आणि जे पुस्तकात आहे त्यांतला फरक लिहिणे.

आणि गडच हवा असेही नाही. पहिली-दुसरीच्या मुलांची सर्वांत चांगली सहल पायी होते. गावचा ओढा कुठून येतो आणि कुठे जातो, हे गावातल्याच मुलांना पुष्कळदा ठाऊक नसते. पुस्तक सांगते की नदी-ओढ्यांना पाणी असते. जानेवारीत ओढा कोरडा दिसतो. का? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, कारण पुस्तक त्या एका ओढ्याबद्दल लिहिलेले नाही. उत्तर वरच्या शिवारातल्या विहिरींत, बोअरमध्ये, उसाच्या फडात आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहे. पुस्तक सांगते त्याहून वास्तव वेगळे असू शकते आणि ते वेगळे का, हे शोधता येते, हे ज्या मुलाला सातव्या वर्षी कळले त्याला विज्ञानाची निम्मी वाट सापडली. या सहलीला गाडी लागत नाही, वर्गणी लागत नाही, रात्रीचा प्रवास लागत नाही. तरी अशी सहल किती शाळा काढतात?

३. मैदान: स्वतःलाही लागू होणारा नियम

खेळाचे समर्थन आपण प्रकृतीसाठी करतो. ते खरे आहे, पण तेवढेच म्हणणे कमी आहे. खो-खो घ्या. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात या खेळाचे नियम बांधले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, त्यात भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी अजिंक्यपद मिळवले आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. मैदान आखायला फक्की आणि दोन खांब, एवढ्या भांडवलावर हा खेळ इथवर आला.

या खेळाची रचना मुलाला काय शिकवते ते पाहा. आठ खेळाडू एका रांगेत, एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून बसलेले असतात. नववा पाठलाग करतो. पळणारा रांगेतून कसाही आरपार जाऊ शकतो, पाठलाग करणाऱ्याला ती मुभा नाही. त्याने एकदा दिशा धरली की खांबाला वळसा घातल्याशिवाय मागे फिरता येत नाही. म्हणजे एकट्याच्या वेगावर हा खेळ जिंकताच येत नाही. पळणारा रांगेच्या पलीकडे गेला की पाठलाग करणाऱ्याने योग्य क्षणी योग्य माणसाला खो देऊन स्वतः त्याच्या जागी बसायचे असते. आपल्या हातातली संधी आपणच सोडून दुसऱ्याला द्यायची, आणि ती वेळेत द्यायची. बसलेल्यानेही खो मिळाल्याशिवाय उठायचे नाही, गडी समोरून गेला तरी. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे फार अवघड जाते. वर्गात आपण त्याला याच्या नेमके उलट शिकवतो: उत्तर येत असेल तर सर्वांत आधी हात वर कर.

नियमाचा हा अनुभव नागरिकशास्त्राच्या धड्यातून येणार नाही. पंचाचा निर्णय आपल्या विरुद्ध गेला तरी खेळ पुढे चालू ठेवायचा, हे मुलाला मैदानावरच कळते. हरल्यावर जिंकणाऱ्याशी हात मिळवणेही असेच. समोरच्यालाही तेच बंधन आहे म्हणून ते मला मान्य आहे, ही समज लोकशाहीत जगण्याची पूर्वअट आहे.

पण हे शिकते कोण? संघातले बारा जण. बाकीची मुले मैदानाच्या कडेला बसून टाळ्या वाजवतात. स्पर्धा जवळ आली की सरावही त्याच बाराजणांचा होतो, आणि त्यांत मुली कमी, जाड मुले नाहीत, पायाने अधू असलेली मुले तर नाहीतच. ज्यांना मैदानाची सर्वांत जास्त गरज त्यांनाच आपण प्रेक्षक करून ठेवतो. गणिताच्या तासाला फक्त हुशार बाराजणांना शिकवून बाकीच्यांना बघत बसा म्हणणारा शिक्षक आपण एक दिवस तरी सहन करू का? खेळाच्या बाबतीत मात्र ते वर्षानुवर्षे चालते, आणि ढाल मिळाली की गावात मिरवणूकही निघते. समग्र शिक्षा अभियानातून प्राथमिक शाळेला क्रीडा साहित्यासाठी वर्षाला ५,००० रुपये मिळण्याची तरतूद आहे. त्या पैशांतून संघाचे गणवेश घ्यायचे की प्रत्येक वर्गाला दोऱ्या आणि चेंडू, यावरून त्या शाळेला खेळ कळला आहे की नाही ते ठरते.

४. गावातले काम

गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनात त्यावर बोलत. आपल्या शाळांनी त्यातला झाडू उचलला, तोही फोटोपुरता. आधीच स्वच्छ असलेल्या अंगणात मुले रांगेत उभी राहतात, छायाचित्र निघते, ते गटावर जाते, संपले. ज्या कामाने कोणाचे काही अडत नाही ते काम मुलाला जबाबदारी शिकवू शकत नाही. उलट शाळेच्या परसबागेतली मेथी दुपारच्या आहारात पडते तेव्हा पाणी घालायला विसरलेल्या मुलाला त्याचा परिणाम ताटात दिसतो. गावच्या सार्वजनिक विहिरीची पाणीपातळी दर आठवड्याला मोजून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिणे हे तिसरी-चौथीचे मूल मोठ्यांच्या देखरेखीखाली करू शकते, आणि तो आकडा गावाला खरोखर लागतो.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. झाडू कोणाच्या हातात जातो? झाडलोट मुलींनी आणि संडास विशिष्ट वस्तीतल्या मुलांनी करायचे, असे जिथे घडते तिथे तो उपक्रम नसून जातीची आणि बाईपणाची शिकवणी आहे. पाळीपत्रक भिंतीवर लावून सर्व मुलांना, वर्गप्रमुखालाही, तीच कामे येणार नसतील तर श्रमाचे उपक्रम शाळेने घेऊच नयेत.

५. आक्षेपांना उत्तरे

आधी वाचता येऊ द्या. हा आक्षेप गंभीर आहे. मुलांचे वाचन तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाचे अहवाल २००५ पासून सांगत आहेत की पाचवीत पोचलेल्या अनेक मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही. पण हिशेब करून पाहू. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे. त्यातले ४० तास नीट आखलेल्या सहली, खेळ आणि गावातल्या कामाला दिले तर ते ५ टक्के होतात. वेळ खरा जातो तो स्नेहसंमेलनाच्या तालमींत, जिथे सिनेमाच्या गाण्यांवरच्या आठ-दहा नाचांसाठी अख्खी शाळा पंधरा-पंधरा दिवस विस्कळीत होते. शिवाय वाचायला शिकणाऱ्या मुलाला वाचावेसे वाटेल असा मजकूर हवा असतो. स्वतः पाहिलेल्या ओढ्यावर आठ ओळी लिहिणारे आणि मैत्रिणीच्या आठ ओळी वाचणारे मूल वाचनच शिकत असते. ज्या उपक्रमानंतर वहीत काहीच उतरत नाही त्याच्या बाबतीत मात्र आक्षेप घेणाऱ्याचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

जोखीम कोण घेणार? १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला गेलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात नाव उलटून शाळेची १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या; नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि जीवरक्षक जाकिटे सगळ्यांच्या अंगावर नव्हती. या घटनांपुढे कोणताही युक्तिवाद फिका पडतो. पण त्या काय सांगतात तेही ऐकले पाहिजे. दोन्ही ठिकाणी धोका पाण्याचा होता आणि तो आधी दिसणारा होता. प्राथमिकच्या मुलांना समुद्र, धरण, तलाव आणि नौकाविहार पूर्ण वर्ज्य असावा. रात्रीचा प्रवास नको. आपण मात्र परवानग्यांचे कागद वाढवतो आणि ठिकाणांची संख्या तशीच ठेवतो. दहा मैलांवरची, दिवसा उजेडी परतणारी, एकाच ठिकाणाची सहल कागदांच्या ढिगापेक्षा मुलाला अधिक सुरक्षित ठेवते.

गरिबाच्या मुलाचे काय? हा मला सर्वांत जड वाटणारा आक्षेप आहे. एसटी शालेय सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत देते, तरी उरलेली रक्कम मजुराच्या घरात सहज निघत नाही. सहलीच्या दिवशी पैसे न भरलेली मुले एका वर्गात एकत्र बसवलेली असतात. आपली जागा कुठे आहे हे त्या दिवशी त्यांना जे कळते ते ती जन्मभर विसरत नाहीत. आणि बीड-अहिल्यानगरकडच्या ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी तर दुसरे सत्रच नसते. दिवाळीच्या सुमारास आई-बापांबरोबर ती कारखान्यावर जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. काही हंगामी वसतिगृहांत राहतात, बाकीची फडावर. ज्या सत्रात शाळा सर्वांत जिवंत असते नेमके तेच त्यांच्या वाट्याला येत नाही. म्हणून माझे मत ठाम आहे: जिथे वर्गातले प्रत्येक मूल येऊ शकत नाही ती सहल काढूच नये. पैसे कमी असतील तर अंतर कमी करावे. ज्या गावांतून स्थलांतर होते तिथल्या शाळांनी क्षेत्रभेटी आणि खेळ ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घ्यावेत, मुले गावात असताना.

शिक्षकांवर आणखी ओझे. दोनशिक्षकी शाळेत एक जण मतदारयाद्यांच्या कामाला आणि दुसरा माहिती भरायला बसलेला असताना सहल आखायची कोणी? कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये असे म्हटले आहे, आणि ते पाळले जात नाही हे सर्वांना ठाऊक आहे. पण उपक्रम वाढवा असे मी म्हणतच नाही. साजरे करायचे दिन, सप्ताह आणि पंधरवडे यांची यादी निम्म्याने कापा. त्यांची छायाचित्रे वर पाठवण्याची सक्ती बंद करा. सत्रात एक चांगली सहल, सर्वांचा खेळ आणि गावाला लागणारे एक काम, एवढे पुरे आहे.

६. पालकांना विनंती

हे ठरवण्याचा अधिकार मंत्रालयात बसलेल्यांकडेच आहे असे समजू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. तुम्ही त्या समितीवर असाल तर दिवाळीनंतरच्या पहिल्या सभेत चार गोष्टी विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या: सहलीचे ठिकाण एक आहे की पाच, वर्गातले प्रत्येक मूल तिला येणार आहे का, खेळाच्या तासाला किती मुले मैदानात असतात आणि किती कडेला, आणि परसबागेचे, झाडलोटीचे पाळीपत्रक कुठे लावले आहे. समितीवर नसाल तरी पालक म्हणून हे विचारायला तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. मूल सहलीहून घरी आले की त्याला काय खाल्ले हे जरूर विचारा, पण काय पाहिले आणि ते पुस्तकासारखेच होते का, हे त्याआधी विचारा.